मालनच्या गोठ्यातलं पाऊल

१

मालनच्या गोठ्यातलं देवाचं पाऊल गुरुवारी भरदुपारी चोरीला गेलं, आणि दिवेलागणीच्या आत गावानं चोर नक्की केला. चोर म्हणजे मी, आक्काबाई.

मालन माझी धाकटी जाऊ. वाटण्या होऊन बरीच वर्षं झाली, पण मधली भिंत अशी की तिकडं कुणी शिंकलं तर इकडं 'सत्य' म्हणावं. दुष्काळाचं साल होतं. प्रवरेच्या पात्रात नुसती वाळू. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला, गुरं छावणीला, आणि गुरांमागं आम्हा दोघींचे मालकही तिकडंच. त्या साली मालननं विहीर खोल करायला घेतली आणि तिच्यातून निघाली हत्तीची दाढ. दगड झालेली, पाट्याएवढी. माझी विहीर तिच्या बांधाला लागून, तिच्याहून खोल. माझ्या विहिरीत काय निघालं? मुरूम.

दाढेची बातमी फुटली तसे संगमनेरहून शामकांत मास्तर आले. शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेला विधुर माणूस. धोतर, कोट, काखेत छत्री. त्यांनी एक मंडळ काढलं होतं, सृष्टी-निर्मिती संशोधन मंडळ. मंडळाचं म्हणणं असं, की ब्रह्मदेवानं माणूस, हत्ती, मुंगी सगळं एकदमच घडवलं, आज आहे तसंच. माकडाचा माणूस झाला हे थोतांड. अमेरिकेतसुद्धा असं मानणारे लोक आहेत म्हणे, त्यांची मासिकं मास्तरांकडं टपालानं यायची.

"ते त्यांच्या देवाचे, आम्ही आमच्या देवाचे, पण मुद्दा एकच," मास्तर म्हणाले. "या दाढेशेजारी माणसाचं पाऊल मिळू दे आक्काबाई, साऱ्या जगाची तोंडं बंद करतो."

हे ते माझ्या ओसरीवर बसून म्हणाले होते. आधी माझ्याच ओसरीवर. चहा माझा प्यायले. मग विहीर बघायला म्हणून मालनकडं गेले, ते तिथंच रमले. मारुतीच्या देवळामागं खोली घेतली, रोज सकाळी मालनच्या दारात हजर. आणि थोड्याच दिवसांत, अगदी मागितल्यासारखं, मालनच्या विहिरीच्या कडेला पाऊल मिळालं.

पांढुरक्या दगडात उमटलेलं माणसाचं पाऊल. मालननं ते रिकाम्या गोठ्यात पाटावर मांडलं, हळदीकुंकू वाहिलं, आणि आजूबाजूची गावं लोटली. शिर्डीला निघालेली माणसं वाट वाकडी करून येऊ लागली. मालन दारात उभी राहून 'या, बसा' करायची. लेकीच्या लग्नाला म्हणून आणलेला चुना कधीचा घरात येऊन पडला होता, तो भिंतींना काही लागला नव्हता, भिंती काळ्या त्या काळ्याच. पण बाई नवं लुगडं नेसून! सारं गाव पाया पडून आलं. मी गेले नाही. चारचौघींत म्हणाले, "त्या धोंड्यापायी गाव खुळं झालंय. नेऊन टाका नदीत."

तेच मला भोवलं.

त्या दुपारी गाव खडीवर आणि मालन टँकरच्या रांगेत. परत येऊन बघते तो पाट रिकामा. नारळ जागेवर, वाहिलेली चांदीची डोळ्यांची जोडी जागेवर, पाऊल नाही.

सरपंच रंगनाथ मिशी चोळत म्हणाला, "दगड उचलायला दोन गडी लागत्यात. दुपारचं गावात दोन गडी कुनाकडं हुते? आक्काबाईकडं."

आणि मालन माझ्या अंगणात येऊन, सगळ्यांदेखत म्हणाली, "पाऊल माघारी येईस्तवर आक्कांनी माज्या मांडवात पाय ठेवायचा न्हाई. भागूला हळद मी दुसऱ्या कुनाकडून लावून घीन."

भागू तिची लेक. मालन बाळंतपणात अंथरुणाला खिळली तेव्हा ती पोर मी वाढवली, माझ्या कुशीत. घरातली थोरली सवाष्ण मी. त्या पोरीच्या अंगाला पहिली हळद लावायचा मान माझा, आणि हळद तोंडावर आलेली. चोर म्हणवून घेईन एक वेळ. पण मांडवाबाहेर उभी राहून माझ्या भागूचं लगीन बघणार नाही.

"चल," मी म्हणाले, "दाव मला जागा."

२

गोठ्यात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. मालनला तेवढ्यातही हुरूप आला.

"शेवटी आलाच म्हनायचं दर्शनाला."

"कशाचं दर्शन? पाटाचं?"

पाट कोरडा होता. त्याच्या शेजारची जमीन मात्र ओली. पायाला गार लागली म्हणून मी खाली बसले. त्या साली पोरांची तोंडं ओल्या फडक्यानं पुसायचो आम्ही. घागरभर पाण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. आणि इथं कुणी तरी पाणी ओतलं होतं. ओल्यात पांढरा चिखल होता, मऊ, पिठासारखा.

"ही जमीन तू सारवलीस?"

"मला काय खूळ लागलंय? पाणी कुठाय सारवायला?"

मी चिखल बोटानं चोळला. दगडाचंच पीठ ते. दगड नुसता उचलला असता तर पीठ पडलं नसतं. तो कापला होता, आणि कापताना धूळ उडू नये, करवत तापू नये म्हणून वरून पाणी सोडलं होतं. कापलेला दगड एकेक तुकडा करून एकट्या माणसालाही नेता येतो. म्हणजे रंगनाथचे दोन गडी गेले वाऱ्यावर.

"मालन, दगड कापायची गोष्ट कुणी काढली हुती गं?"

तिचा चेहरा पाट्यावर वाटल्यासारखा झाला. "त्या पुन्याच्या बाईनं! शुक्कीरवारी देवाचं पाऊल कापनार म्हनाली. मी कडाडून न्हाई म्हनले, तर तुमचे सरपंचच तिला हो म्हनून बसले."

"मग तुझ्या मनासारखं झालं की. आता कापायला काय ऱ्हायलं न्हाई."

मालन पदर तोंडात धरून आत गेली. चोरी तिच्या घरी झाली होती, पण घाबरल्यासारखी ती चोरीच्या आधीपासूनच होती, कापायची गोष्ट निघाली तेव्हापासून.

३

पुण्याची बाई म्हणजे इंदू. दगडाधोंड्यांचं शास्त्र शिकवणारी, कॉलेजातली. दाढ बघायला आली होती आणि शाळेच्या एका खोलीत उतरली होती. तिशीच्या आतबाहेरची पोर. गळ्यात भिंग, हातात सारखी हातोडी. आणि गंमत म्हणजे शामकांत मास्तरांचीच विद्यार्थिनी. मास्तर दिसले की अजून उठून उभी राहायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सरळच विचारलं. "पोरी, पाऊल तू नेलंस?"

ती हसली. "आक्का, मला ते नकोच होतं. मला दाढ हवी होती. पावलाला तर मालनबाईंनी हातही लावू दिला नाही, लांबून बघितलं. वर फुलं आणि कुंकू इतकं, की खाली पाऊल आहे की भाकरी, काही कळेना."

"मग कापायचं का म्हनालीस?"

तिनं जमिनीवर बोटानं रेघा ओढल्या. "नदीचा गाळ थरांनी बसतो. ओल्या गाळात खरं पाऊल पडलं, तर खालचे थर दबतात, वाकतात. कुणी नंतर कोरलं असेल तर थर सरळ कापले जातात. मधोमध कापून बघितलं की संपलं. माझ्यापुढं नाही, सगळ्या गावापुढं कापायचं होतं."

"आनि थर दबलेले निघाले असते तर? मास्तर जिंकले असते की."

"जिंकले असते," ती म्हणाली. "मग मला माझं सगळं पुन्हा तपासावं लागलं असतं. परवा सरांना मी हेच विचारलं. म्हटलं, सर, उद्या तुमच्या म्हणण्याविरुद्ध काही सापडलं तर तुम्ही म्हणाल की आपलं चुकलं? ते म्हणाले, असं काही सापडणारच नाही. मी म्हटलं, मग हे संशोधन कसं, सर? ही तर आरती झाली." तिनं ओढलेल्या रेघा पुसून टाकल्या. "मी असं बोलायला नको होतं. त्यांच्यामुळं मी शिकले. हातातला कप तसाच ठेवून ते निघून गेले."

मी परत निघाले. डोक्यात गिरणी सुरू. लपवायचंच असेल, तर माणूस दगड उचलतो, नदीत टाकतो, मोकळा होतो. करवत घेऊन, पाणी घालत, कुणी येईल या धास्तीत दगड कापत बसत नाही. मालनला लपवायचा होता, तर ती कापणार नाही. मला नदीत टाकायचा होता, तर मी तरी कशाला कापू? कापतो तो, ज्याला आत काय आहे ते कळून घ्यायचं असतं.

अशी माणसं गावात दोन. इंदूला चोरून कापायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर कापायलाच मिळणार होतं, आणि चोरीनं तिचंच नुकसान. उरलं कोण?

म्हैस हरवली की माणूस रानोमाळ हिंडतो, दिसेल त्याला विचारतो. ज्याचं जन्माचं सोनं त्या गोठ्यातून गेलं होतं, तो मात्र काल संध्याकाळपासून कुणाला एका शब्दानं विचारायला बाहेर पडला नव्हता.

मी वाट बदलली आणि मारुतीच्या देवळाकडं वळले.

४

देवळामागं दोरीवर धोतर वाळत होतं. आमच्याकडं आठवड्याला एकदा, रविवारी, पात्रात खड्डा खणून धुणं व्हायचं. शुक्रवारी धुतलेलं धोतर मी त्या उन्हाळ्यात दुसरं बघितलं नाही. किनारीजवळ पांढरा डाग अजून तसाच होता.

मास्तर खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली, समोर ती अमेरिकेची मासिकं, मिटलेली.

"या आक्काबाई. तुमच्यावर आळ आला, ऐकलं. फार वाईट वाटलं."

"वाटायलाच पायजे. पाणी कुठनं आनलंत?"

"कसलं पाणी?"

"करवतीवर सोडलेलं. आनि मग धोतरावर."

ते उठले. दाराशी गेले, दार ओढून घेतलं, परत बसले. मला वाटलं ओरडतील. मास्तर लोकांना ओरडायची सवयच असते. पण ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला काय हवंय?"

"माझं नाव. तुमच्या दगडाखाली अडकलंय ते."

ते खिडकीकडं वळले. मग म्हणाले, "तिला मी पायथॅगोरसचा सिद्धांत शिकवला. तिला माझ्याच घरून पुस्तकं जायची. आता तिचे निबंध परदेशात छापून येतात, आणि माझं पत्र वर्तमानपत्र छापत नाही. आणि ती मला विचारते, तुम्ही आरती करता की संशोधन! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. म्हटलं, तिनं कापायच्या आधी मी कापणार. थर दबलेले दिसणार, आणि शुक्रवारी दोन्ही तुकडे मीच तिच्यापुढं ठेवणार. बघ म्हणणार, आधी मी बघितलं."

"मग ठेवले का न्हाईत?"

मास्तर खाली वाकले आणि खाटेखालचं तरट ओढलं.

५

दोन तुकडे. कापलेली बाजू मी खिडकीतल्या उजेडाला धरली. थरबीर काही नाही. सगळा एकजीव गोळा, चुना आणि नदीची बारीक वाळू, आणि मध्ये मध्ये ज्वारीचं भुसकट. सोनेरी, ताजं.

"हे भुसकट बघताच समजलं मला," मास्तर म्हणाले. "ब्रह्मदेवाच्या वेळचं भुसकट एवढं ताजं राहत नाही."

मला हसू आलं, ते मी गिळलं. माणूस विनोद करत होता की रडत होता, नक्की कळेना.

"एवढी वर्षं मंडळ चालवलं. मासिकं वाचली, व्याख्यानं दिली, दुसऱ्यांची हाडं खोटी ठरवली. पण आपलीच वस्तू कापून बघायची, हे कालच केलं. पहिल्यांदा."

"तेवढं केलंत ते खरं संशोधन, मास्तर. तरटाखाली ढकललंत ती चोरी."

मी दोन्ही तुकडे जुळवून वरची बाजू बघितली. कुंकू पुसलेलं होतं. पाऊल आता कुठं मला धड दिसलं.

"हे बोट असं फाकलेलं का?"

"अंगठ्याशेजारचं ना? त्यावर मी पाच पानं लिहिली होती. आदिमानव जोडे घालत नव्हता, म्हणून त्याची बोटं सुटी, फाकलेली. आणि मुळाशी ही खाच आहे ना, ती स्नायूंच्या बळाची खूण."

"मास्तर," मी म्हणाले, "ही जोडव्याची खाच हाय."

त्यांनी एकदा माझ्या पायांकडं बघितलं, एकदा दगडाकडं, आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला.

मी मात्र अजून बघतच होते. जोडवी गावात शंभर बायकांच्या पायांत. पण या पावलाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली होती. ते पाऊल मी ओळखत होते. लग्नात त्या पायात जोडवं चढवताना ती करंगळी डोळ्यांत भरली होती, आणि चढवणारी मी होते.

"कोण आहे ही बाई?" मास्तरांनी विचारलं.

"ते माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. तुमी तुमचं काय ते चावडीवर सांगा. येताय का मी ओरडू?"

"येतो," ते म्हणाले. "धोतर वाळू द्या."

६

मालन चुलीपाशी होती. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"लग्नाचा चुना कुठं गेला, मालन?"

तिनं फुंकणी खाली ठेवली. नाही म्हणाली नाही. मी तयारी करून गेले होते, जिभेला धार लावून. पण तिनं डोळे वर केले आणि तीच माझ्यावर आली.

"या घरात आले तवापासनं माजं नाव काय? आक्काबाईची जाऊ. पोळा तुमच्या दारात, पंगत तुमच्या दारात, माजी पोर सुदिक पयलं 'आई' तुमाला म्हनली! पयल्यांदा मानसं माज्या दारात आली. मास्तर म्हनायचे, मालनबाई, तुमच्या जमिनीत सृष्टीचं गुपित हाय. असं कुनी म्हनलंय का मला कदी? मग ती बाई आली, दाढ पुन्याला न्यायची म्हनली. दाढ गेली की मास्तर गेले, मानसं गेली. पुन्हा मी तुमची जाऊ."

"म्हनून देवाला तुझा पाय लावलास?"

"मास्तरांनी पाऊल मागितलं. मी दिलं. देवाचं मी न्हाई म्हनले, ते लोकं म्हनले." मग आवाज एकदम खाली आला. "सांगनार तुमी?"

खरं सांगते, तिला तसं भीत उभं असलेलं बघून मला गूळ खाल्ल्यासारखं वाटलं. मला वाटायचं जळते ती मी एकटीच.

चावडीवरून हलगीचा आवाज आला. रंगनाथ गाव गोळा करत होता. आणि मालनची मान माझ्या खांद्यावरून दाराकडं वळली.

"अगं बाई," ती म्हणाली, "व्याही आले."

७

राहुरीचे गोरक्ष पाटील, भागूचे होणारे सासरे, चोरीची बातमी ऐकून बैलगाडी जुंपून कारभारणीसकट आले होते. चावडीच्या कट्ट्यावर मधोमध बसले. माणूस देवभोळा आणि हट्टी. पावलाला त्यांनी स्वतः नारळ वाढवला होता.

मास्तर अर्धं ओलं धोतर नेसून आले. तरट उघडलं, तुकडे मांडले.

"आक्काबाईंनी काही नेलं नाही. मी नेलं. मी कापलं. हे पाऊल खोटं आहे, हे मी कापल्यावर मला कळलं, आणि कळल्यावर मी लपवलं. आळ दुसऱ्यावर आला तरी गप्प बसलो." ते इंदूकडं वळले. "घे. लिही आता, मास्तर फसले."

इंदू उभीच होती. तुकडा हातात घेऊन तिनं कापलेली बाजू बघितली. "सर, चुना आहे हे मी लिहीन. पण ते ओळखलं कुणी, तिथं नाव तुमचं लागेल."

"आणि म्हणून सृष्टी आपोआप झाली, असं लिहू नकोस," मास्तर एकदम तडकून म्हणाले. "पाऊल खोटं निघालं. ब्रह्मदेव नाही."

"नाही लिहिणार, सर. पण पुढचं जे सापडेल तेही असंच कापाल?"

मास्तरांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. "बघू," म्हणाले. होही नाही, नाहीही नाही. त्यांची मंडळी खरं संशोधन करतात का, असं मला पुढं कुणी विचारलं की मी सांगते, एका दुपारी एकानं केलेलं मी बघितलंय. बाकीचं मला ठाऊक नाही.

तेवढ्यात गोरक्ष पाटील कट्ट्यावरून उतरले. "ते ऱ्हाऊ द्या. हे केलं कुनी? आमी लोटांगणं घातली त्याला. ज्या घरातनं ही फसवणूक झाली त्या घरात आमाला सोयरीक करायची हाय का, ते कळू द्या."

मालन बायकांच्या घोळक्यात, रंग उडालेली. तिच्या मागं भागू, दाराच्या चौकटीला धरावं तशी आईच्या खांद्याला धरून. रंगनाथ म्हणाला, "आक्काबाई, पाऊल तुमी बघितलंय. बोला."

सगळे माझ्याकडं बघत होते. त्या घटकेला अख्ख्या गावात एकच ओसरी होती, माझी. एक नाव उच्चारलं की मालन जन्मभराची खाली. आणि भागूचं लगीनही तिच्याबरोबर.

"पाहुणं," मी म्हणाले, "पाऊल बाईचं हाय, एवढं दिसलं. गावात बाया लई. एकेकीचे पाय दगडाशी लावून बघत बसायचं, का हळद लावायची? तुमच्या मंडळींपासनं सुरू करायचं आसंल तर माजी ना न्हाई. त्या बी दर्शनाला दोनदा येऊन गेल्यात."

आधी एक पोरगं हसलं, मग बायका हसल्या, मग रंगनाथच्या मिशा हलल्या. गोरक्ष पाटलांनी आपल्या कारभारणीकडं बघितलं. तिनं असं बघितलं परत, की ते पुन्हा कट्ट्यावर जाऊन बसले आणि चहा मागितला.

पांगापांग झाल्यावर इंदू माझ्याजवळ आली. "आक्का, तुम्हाला माहितीय ना कुणाचं ते?"

"म्हाईत हाय."

"मग सांगितलं का नाही?"

"मी कुठं संशोधक हाय?" मी म्हणाले.

हळदीच्या दिवशी सकाळी मालन माझ्या दारात आली, कपाळभर कुंकू, हातात तबक. मी तांदूळ निवडत होते. निवडत राहिले. बस म्हणाले नाही. ती उभी राहिली. शेजारणी बघत होत्या, बघू दिलं.

"आक्का," शेवटी तीच म्हणाली, "तुमच्याबिगर हळद लागायची न्हाई."

"ठावं हाय मला."

"चला मग."

मी सूप बाजूला ठेवलं, उठले, पदर डोक्यावर सारखा केला. दारातून दोघी एकदमच बाहेर पडत होतो. मी थांबून तिच्याकडं बघितलं. ती एक पाऊल मागं सरली. मग मी निघाले, पुढं.